सांधा

पेनड्राइव्ह जिल्ह्यावरून आला,
सलाईनच्या खोक्यांसोबत, एका पाकिटात.
वर पत्र: उपचारकक्षात मंद व प्रसन्न संगीत असावे.
किती मंद, ते लिहिलेलं नव्हतं.
मी आवाज एवढाच ठेवला
की मशीनचा अलार्म त्याच्यावरून ऐकू यावा.

बासरी होती. सव्वीस मिनिटांची.
डायलिसिस चार तासांचं,
म्हणजे एका पाळीत तीच बासरी नऊदा.

सिंदेवाहीच्या या खोलीत चार पलंग.
शालिक कानात स्वतःचं काहीतरी घालून झोपायचा.
रेखाताई नन्नावरे, अंगणवाडीच्या,
पहिल्याच दिवशी म्हणाल्या, बंद करा हो ते,
मला माझं रक्त फिरताना ऐकू येऊ द्या,
थांबलं तर कळलं पाहिजे ना.
त्यांच्यासाठी स्पीकर सरकवला
खिडकीकडे, औषधाच्या फ्रिजवर.
तिथून तो नेमका तीन नंबरच्या उशाशी आला.

तीन नंबर, डोमाजी मोहुर्ले.
मंगळवार, शुक्रवार.
चाळीस वर्षं मंडईच्या नाटकांत ऑर्गन वाजवलेला माणूस.
धान कापून झालेल्या बांध्यांत मंडप,
रात्री दहा ते पहाटे पाच,
नायिका रडायची त्याच्या आधी हा रडायचा, बोटांनी.
आता डाव्या हाताला फिस्टुला.
सुई टोचण्याआधी मी तिथे स्टेथोस्कोप लावते,
आत वारा सुटल्यासारखा आवाज असतो.
एकदा त्यालाही ऐकवला.
"कारी चार हाये," म्हणाला, "जराशी उतरली."

तिसऱ्या आठवड्यात म्हणाला,
"बाई, ह्या बासरीवाल्याले कोनी दम नाही घेऊ देत."
मला कळेना.
"संपते न् सुरू होते, तिथं ऐक.
त्यानं दम घेतला असन, तो कापून टाकला.
सांधा हाये तिथं."

मग मला फक्त सांधाच ऐकू यायला लागला.
डबा खाताना, नवरगावच्या बसमध्ये,
शेवटचा स्वर अजून उठलेला नसतो
आणि पहिला त्याच्या पायावर पाय देतो.
मध्ये श्वासाएवढीही जागा नाही.

जानेवारीतला एक शुक्रवार.
तिसरा तास.
त्याच्या चादरीखाली पाय हलताना दिसले.
वांब आला असणार, या वेळी येतोच,
पाणी जास्त निघालं की पोटऱ्या आवळतात.
धावले, पंप कमी केला, पोटरी धरली.
पोटरी मऊ होती.
दोन्ही टाचा खाली-वर, खाली-वर, सावकाश.
"सोड," डोळे न उघडता म्हणाला,
"भाता देतो हाये त्याले.
आता येईन पाहा सांधा."
आला.
मी पाय सोडले.

बीपी एकशे दहा, सत्तर. नोंदवलं.
बाकीच्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

उन्हाळ्यात मुलानं त्याला नागपूरला नेलं.
तिथे टीव्ही असतो म्हणे, प्रत्येक पलंगासमोर.
तीन नंबरवर आता वासेऱ्याचा एक कंडक्टर येतो,
बासरी लागली की घोरतो,
थांबली की जागा होतो.

कारण थांबते ती.
सव्वीस मिनिटं होत आली की
मी हातातलं काम ठेवते, ठेवण्यासारखं असलं तर,
आणि ग्लोव्हज असतात म्हणून कोपरानं
स्पीकरचं बटण दाबते.
एक. दोन. तीन. चार.
तेवढ्यात चारही पंप ऐकू येतात.
रेखाताई मान हलवतात, जणू हजेरी घेतली.
पुन्हा सुरू करते.

परवा तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं,
हे मध्येच बंद का पडतं?
मी म्हटलं, लाईन जाते सर.
त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं.
फिरत होता.