कॅनडा कॉर्नरचं तळघर

आईची हार्ड डिस्क पडली ती माझ्याच हातून,
इंदिरानगरचा फ्लॅट रिकामा करताना,
माळ्यावरच्या प्रेशर कुकरसोबत.
कुकरला पोचा आला.
डिस्क वरून जशीच्या तशी,
फक्त लॅपटॉपला जोडली की आतून
टक्…
टक्…
बंद दाराआडून कुणी, घाई न करता,
बोटाच्या पेराने.

तळघरात झुबेर शेख ती कानाला लावतो
कलिंगड पारखणाऱ्या माणसासारखा.
"किती वेळा चालू केली?"
दोनदा, मी खोटं सांगते.
"आता लावू नका, ताई. आतलं हेड तबकडीला घासतंय.
जितक्यांदा बघायला जाल
तितकं खरवडून निघेल."

मग म्हणाला, डोनर लागेल.
हीच कंपनी, हाच महिना, पाठीवर छापलेला हाच नंबर.
अकरा दिवसांनी मिळाला,
मालेगावच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून.
आत कुणाकुणाची लग्नं होती.
त्यांचं काय, मी विचारलं.
त्याने चिमट्याचं टोक पुसलं
आणि चहा घेणार का, म्हणाला.

त्या अकरा दिवसांत मी सातपूरला कामावर जात होते.
सिग्नलला थांबलं की स्कूटरचा इंडिकेटर
टक्, टक्,
मी तो बंद करायचे
आणि मागचे हॉर्न मारायचे.

आई वनस्पतिशास्त्र शिकवायची.
निवृत्तीनंतर दर रविवारी त्र्यंबकची पहिली बस,
अंजनेरी फाट्याला उतरायचं, वर चढायचं.
फुलं काय, सगळेच काढतात, म्हणायची;
ती गवतं काढायची.
मारवेल, कुसळी, पवन्या,
आणि अशी कितीतरी जी मला
एकाच गवतासारखी दिसायची.
प्रत्येक फाइलला नाव, तारीख, उंची, वाऱ्याची दिशा.
माझ्या लग्नाचा अल्बम मात्र
"इतर" नावाच्या फोल्डरमध्ये.

परत आल्या त्या चौदा हजार दोनशे सहा.
नावाशिवाय.
एफ शून्य शून्य एक, एफ शून्य शून्य दोन,
शाळेच्या पटावर नुसते हजेरी क्रमांक उरावेत तशा.
पुष्कळशा अर्ध्याच:
वर तुरा, त्यावर एक मुंगी,
आणि खाली करडा पत्रा ठोकल्यासारखं सपाट काहीही नाही.

"हे वेगळे ठेवलेत," झुबेर म्हणाला,
"दोनशे एकोणीस. हे आईंनी स्वतःच उडवलेले.
उडवलेलं जात नाही लगेच. तिथेच पडून असतं,
वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत."

हे सगळे धडधाकट.

पहिल्यात अर्धं गवत, अर्धा आईचा अंगठा,
नखाच्या कडेला विळीची जुनी खूण.
मग सावली. कड्यावर आडवी पडलेली,
टोपी, छत्री, एका खांद्याला शबनम.
थर्मासच्या स्टीलमध्ये वाकडीतिकडी आई.
आईची चप्पल, अंगठा तुटलेली, सेफ्टी पिन लावलेली.
कॅमेरा उलटा धरलेला:
हनुवटी, नाकपुड्या, आणि भरपूर आभाळ.

ज्या ज्या फोटोत ती आली
तो तो तिने वाया गेलेला म्हणून काढून टाकला होता.

शेवटी नऊ सेकंदांचा एक व्हिडिओ.
चढावरचा श्वास, वारा, हलणारी माती,
आणि अगदी जवळून:
"अगं बाई, हे चालूच आहे की काय?"

झुबेरने दुसऱ्या स्क्रीनकडे तोंड फिरवलं
आणि कुठलीशी केबल फार वेळ गुंडाळत बसला.
"दोन ठिकाणी ठेवा, ताई," नंतर म्हणाला. "सगळ्यांना सांगतो.
कुणी ठेवत नाही."

साडेनऊ हजार मोजले. पायऱ्या चढून वर आले.
कॉलेज रोडवर ऊन, उसाच्या रसाचं चरक, कुणाचीतरी भांडणं.
पर्समध्ये नवी डिस्क,
आणि जुनी, स्क्रू सैल, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तिला आता वीज नाही, आवाज नाही, हे माहीत असून
रस्ता ओलांडण्याआधी
मी ती एकदा कानाला लावली.