नारिंगी आणि हिरवी

आठ तारा असतात आत,
चार कामाच्या, चार नुसत्या सोबतीला.
हे मला आबांनी सांगितलं
दाढीच्या जुन्या पात्यानं वरचं वेष्टन सोलताना,
तापकीर गल्लीतून आणलेलं वायरचं वेटोळं मांडीवर घेऊन.

नेट त्यांच्या कॉम्प्युटरला. हॉलमध्ये, खिडकीशी.
बिल त्यांच्या पेन्शनमधून.
माझा कॉम्प्युटर स्वयंपाकघरात,
फ्रिज आणि तांदळाच्या डब्याच्या सांदीत,
कीबोर्डच्या फटींत कायम थोडं पीठ.
मध्ये चौदा पावलं, एक बाथरूम,
आणि लग्नाला तीन वर्षं होऊनही
"चहा ठेवू?"
"ठेव."

सरळ वायर लावली तर काय होईल, माहितीये?
त्यांनी विचारलं, उत्तरासाठी थांबले नाहीत.
या टोकाचं तोंड त्या टोकाच्या तोंडाला लागेल.
दोघंही बोलणार, ऐकणार कुणीच नाही.
म्हणून एका बाजूला नारिंगी जोडी उचलायची,
हिरवीच्या जागी बसवायची.
याचं तोंड त्याच्या कानाला,
त्याचं तोंड याच्या.
एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस
माझ्याशी सलग एवढी वाक्यं
त्या दिवशी पहिल्यांदा बोलला.

दोनदा चुकलं. दोनदा टोक कापलं,
वायर वीतभर आखूड झाली.
तिसऱ्यांदा दिवा लागला
तेव्हा "हं" म्हणाले फक्त,
आणि जमिनीवरचे रंगीत तुकडे वेचत बसले.

रात्री साडेदहाला माझं काम सुरू.
ओहायोतला डॉक्टर कानात भरभर बोलतो,
मी टाइप करते :
बासष्ट वर्षांची बाई, डावा गुडघा सुजलेला,
मधुमेह, एकटी राहते.
योगेश चाकणला, नाइट शिफ्ट.
खाली कर्वेनगरात एखादी रिक्षा, मग तीही नाही.
अडचण एवढीच,
त्यांचं मशीन जागं असेल तरच माझ्याकडे नेट,
आणि आबा साडेनऊला ते बंद करत,
वर क्रोशाचं झाकण, त्यावर टॉवेल.
यंत्रालाही झोप लागते, म्हणत.
मी काही बोलले नव्हते.

पहिल्याच रात्री दीड वाजता उठले,
तर हॉलमध्ये आबा.
मफलर गुंडाळून खुर्चीत.
स्क्रीन काळा, मशीन चालू,
त्याची पाठ त्यांनी स्वतःकडे वळवून घेतलेली,
आणि तिथला बारीक हिरवा दिवा
लुकलुकत होता.
"तू थांबलीस की हा थांबतो," म्हणाले.
"आबा, झोपा ना. तसंच राहू द्या चालू."
"झोपतो."

मग बऱ्याच वेळानं, मी परत वळल्यावर, माझ्या पाठीला :
"चालू लाइन तोडायची नसते. आधी कान लावायचा.
कुणी बोलत असेल तर खांबावरच थांबायचं.
सणसरला एकदा पाऊण तास थांबलो होतो.
एक बाई रडत होती, कुणाशी तरी.
मुंग्या आल्या पायाला."

गुरुवारी दुपारी वीज जायची.
दोन्ही मशीनं एकदम मुकी.
तेव्हा आम्ही बोलायचो काहीबाही,
भेंडी महाग झाल्याचं,
ओहायोतल्या त्या बाईचा गुडघा कसा आहे आता.
विचारायचे ते. नाव नव्हतं तिला, तरी.

आता वायफाय आहे. खुर्चीत योगेश बसतो.
मागच्या आठवड्यात रंगकाम काढलं,
पोरगा भिंतीच्या कडेनं खिळे उपटत आला
आणि बाथरूमच्या चौकटीपाशी थबकला.
"ताई, ही वायर चालू आहे का?"
मी वाकले. खरंच कान लावला, वेड्यासारखा.
"राहू दे," म्हटलं, "वरून रंग मार."
"उंचवटा दिसेल पण."
"दिसू दे."