वजन

ठोक पहार, लेम्पी म्हणाली, एकाच जागी तीनदा.
पाणी वर आलं तर आल्या पावली परत.
आलं नाही.
पाच इंच बर्फ, काळा, बाटलीच्या बुडासारखा,
आत गवताची एक काडी अडकलेली, अजून हिरवी.
काळ्यावर विश्वास ठेव, म्हणाली,
पांढरा बर्फ थापाड्या.

कागद कारखाना ऑक्टोबरात बंद झाला.
सव्वीस वर्षं मी तीन नंबरच्या मशीनवर.
तळ्याकाठी जन्म गेला
आणि गळाची काठी कधी हातात धरली नाही;
सुटीच्या दिवशी झोपायचो.
लेम्पी हार्यू शाळेची बस चालवायची,
माझ्या दोन्ही मुली तिच्याच बसने मोठ्या झाल्या.
परवा दुकानात भेटली, म्हणाली,
घरात बसून भिंतींना काय शिकवतोयस?
शनिवारी ये. मोजे दोन-दोन घाल.

उन्हाळ्यातला वॉलाय झडप घालतो, ती सांगत होती,
थंडीत त्याचं रक्तसुद्धा पायी चालतं.
आमिष त्याच्या तोंडाशी न्यायचं
आणि विसरून गेल्यासारखं करायचं.
शिसं तळाला टेकव. हातभर वर घे.
एकदा उचल, सोड.
मग दहापर्यंत मोज.

मी सहालाच उचललं.
दहा, ती म्हणाली, वळूनही न बघता.

चार वाजले, सूर्य स्प्रूसच्या रांगेमागे उतरला.
आता येतील, म्हणाली,
यांचे डोळे अंधारासाठीच केलेले.
तेवढ्यात तळं ओरडलं,
लांबून, खालून,
रिकाम्या टाकीत कुणी तुळई टाकावी तसं.
मी उठलो.
बस रे. बर्फ वाढतोय.
बोलतोय तोवर बरा.

पहिले दोन गेले.
मी धक्क्याची वाट बघत होतो,
आणि वर आली नुसती मासोळी,
शेपटीकडून अर्धी सोललेली.
लेम्पीने हातमोजा काढला. दोन बोटांना शेंडे नाहीत,
कुठल्याशा जुन्या जानेवारीने नेलेले.
त्याच बोटांनी तिने माझा दोरा माझ्या तर्जनीवर ठेवला.
तो ओढत नाही, म्हणाली.
वजन बदलतं, एवढंच.

माझ्या बोटांनी आयुष्यभर गडगडाट ऐकला.
रोलर, पट्टे, वाफ;
पहाटे घरी आलो तरी उशी थरथरायची.
त्यांना एवढं बारीक कसं कळणार?

सात. आठ.
ओल्या कागदाचा एक ताव
कुणी अलगद बोटावर ठेवला.

उचललं.

भोकातून आधी पाणी आलं, मग सोनं,
पाठीवर काटे उभारलेलं,
शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका,
आणि डोळा,
दिव्याच्या उजेडात आतून पेटलेला, दुधी,
माझ्याकडे न बघणारा.
लेम्पीने पट्टी लावली. बावीस इंच.
ही सोडायची.
माझी पहिली आहे, मी म्हणालो.
तिचा पहिला हिवाळा नाही, ती म्हणाली,
हिच्या पोटात पुढचा वसंत आहे.

डोकं आधी, दोन्ही हातांनी.
क्षणभर ती तशीच राहिली, माझ्या तळव्यांत,
मग नव्हती.

कॉफी गार झाली होती, तरी प्यालो.
नवी मासोळी लावताना तीनदा सुटली;
लेम्पी हसली नाही, फक्त बादली जवळ सरकवली.
शिसं टेकलं. हातभर वर.
उजवा हातमोजा मी खिशातच ठेवला.
एक. दोन.