पन्नास नंबरचं घर

कुटबण जेटीवर बर्फाच्या फॅक्टरीमागे
सोसायटीची खोली, खोलीत सर्व्हर,
सर्व्हरवर सुकत घातलेला कुणाचा तरी रेनकोट.
वीज गेली, परत आली,
आणि काट्यावरचा प्रिंटर पुन्हा मुका.
"आयज लेगीत ना?" आंतोनेत विचारते,
वहीत पेन्सिलीने वजनं उतरवता उतरवता.

प्रिंटर जुन्याच नंबरावर हाका मारतोय,
आणि हा रात्रीतून बिऱ्हाड हलवून
एकशे बाराला जाऊन बसलाय.
दोष त्याचा नाही. राउटर पत्ते भाड्यानेच देतो,
मुदत संपली की बघू म्हणतो.

मला ते नवीन नाही.
बाणावलीची खोली जून ते सप्टेंबर माझी;
ऑक्टोबरात मालकाचे पाहुणे उतरतात
आणि माझी गादी, मिक्सर, दोन खोकी
स्कूटरवरून असोळण्याला.
आधार कार्डावर अजून पेडण्याचं घर आहे,
काकाने विकलेलं.

टर्मिनल उघडलं.
राउटरची वाटणी शंभरापासून वर,
म्हणून खालचा पन्नास धरला.
आधी दार वाजवलं: पिंग, चार वेळा.
आत कोणी नव्हतं.

मग फाइल.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, दहा:
तालुका, गाव, वाडा.
पन्नास: घर.
पुढे तिरकी रेघ, चोवीस; एवढंच आपलं कुंपण.
गेटवे एकवर, बाहेर पडायची वाट.
एका ओळीआधी एक जागा कमी सोडली
तर सातव्या ओळीवर बोट ठेवून
मशीन म्हणालं, कळलं नाही.
सोडल्या. दोन, मोजून.

आता एकशे वीस सेकंद.
तेवढ्यात एंटर दाबलं तर पत्ता ठरला,
नाही तर सगळं होतं तसं.
आणि एंटर दबेना.
खारा वारा, खवले, तीन वर्षांचा कीबोर्ड.
ऐंशी. अंगठा.
पन्नास. तळहात.
आंतोनेतने वही खाली ठेवली,
पेन्सिल उलटी धरून
खोडरबराचं टोक त्या कळीवर टेकवलं
आणि मासा दाबून बघावा तसं दाबलं.
सतरा उरले होते.

काट्यावर खरखर.
चिठ्ठी आली, दमट, वाकडी फाटलेली:
बांगडे, एकेचाळीस किलो सहाशे.
"आतां हो खंय वचचो ना न्हय?"
"नाही," म्हटलं मी,
आणि म्हटलं म्हणूनच
मेन स्विच खाली ओढला.

काळोखात दोघं उभे.
पलीकडे बर्फ वितळतोय, थेंब थेंब.
माझा हात अजून स्विचवरच.