परमिट

रात्री दोन अकराला बोरी फीडर पडला.
रिलेचा लाल डोळा, भोंगा,
ट्यूबलाइटवरचे किडे दचकलेसुद्धा नाहीत.
मग शालिक गेडामचा फोन:
"सायेब, नाल्यापाशी जंपर तुटला. परमिट द्या."

ब्रेकर उघडला. आयसोलेटर ओढला.
कुलूप घातलं, किल्ली खिशात.
पाटी टांगली: माणसे काम करीत आहेत.
म्हटलं, बंद आहे, चढ.

तेरा किलोमीटर अंधारातून
माझे तीन शब्द जातात
आणि दोन लेकींचा बाप
अकरा हजार व्होल्टच्या तारेला हात घालतो.
वीज दिसत नाही.
मीही दिसत नाही त्याला.

चढण्याआधी तो हेल्मेट काढतो,
खांबाला कपाळ टेकतो,
म्हणतो, जोहार.
मग हेल्मेट. मग पट्टा. मग हातमोजे.

आमच्या घरात असलं काही नाही.
आजानं देव फडक्यात बांधून
नेले पुलावर, दिले सोडून.
नदीचं नाव अडाण,
या योगायोगावर बाप मरेपर्यंत हसत होता.
मी दारव्ह्याचा बीएस्सी.
पुराव्याशिवाय काही
माझा उंबरठा ओलांडत नाही,
असं मी जेवताना बायकोलाही सांगतो.

पण आज विचारलंच, तो खांबाखाली असतानाच.
"शालिक, मी बंद म्हणालो ना?
मग आधी अर्थिंगची साखळी कायले टाकतो?
भरोसा नाही का माझ्यावर?"

"भरोसा नसता त चढलोच नसतो, सायेब.
पन तारेले तुमचा आवाज आयकू येते का?"

"आणि जोहार? तो आयकू येतो का तारेले?"

फोनमध्ये रातकिडे.
"बॅटरी संपून राह्यली," म्हणाला.

विठोली शिवारात त्या साली
झिबल गेला होता, त्याचा जोडीदार.
परमिट बरोबर होतं, सही माझीच.
जोहारही झाला होता, शालिकनं ऐकलेला.
कोणाच्या तरी लग्नात जनरेटर लावला होता,
आकडा काढायचा राहिला,
आणि बंद लाइन उलटी जिवंत झाली.
नवरदेवाची हळद उतरायची होती अजून.

म्हणजे माझं शास्त्र तिथं हजर होतं
आणि त्याचा देवही.
दोघांनी मिळून एक माणूस वाचवला नाही.

मला वाटलं होतं, शालिक आता कपाळ टेकणं सोडेल.
किंवा नोकरी.
त्यानं पगारातून नवी साखळी घेतली,
ऑफिसची गंजकी होती म्हणून.
जोहार तोच जुना ठेवला.
याला काय म्हणायचं, मला येत नाही.
अडाणी म्हणावं, तर साखळी आडवी येते.
शहाणा म्हणावं, तर जोहार.
मी तेव्हा कुलूप बदललं होतं फक्त.

दोन सत्तेचाळीस.
"झालं सायेब. साखळी काढली, खाली आलो.
चार्ज करा."

आता तो मला दिसत नाही.
तो आवाज त्याचाच,
पाय जमिनीवरच,
हेल्पर पोरगंही उतरलेलं,
यातलं एकही मी तपासू शकत नाही.
लॉगशीटमध्ये त्यासाठी रकाना नाही.
तेरा किलोमीटरवर टाकता येईल
अशी साखळी माझ्याकडे नाही.

"नक्की उतरला ना?"
"उतरलो म्हनलं ना जी!"

कुलूप काढलं. आयसोलेटर लावला.
हँडलवर हात ठेवला
आणि हात थांबला.
अर्धा सेकंद असेल, फार तर एक.
त्यात मी काही म्हणालो नाही.
ओठ हलले असतील, थंडी होती.

मग दाबलं.
बोरीचे दिवे लागले म्हणे.
मी लिहिलं: परमिट परत. लाइन सुरळीत.
पेन थोडं अडखळत होतं, झटकून घेतलं.