सहा पूर्णांक चार

मे महिन्यातली आंधी चार वाजता आली
(वावटळ हा शब्द आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत टिकला नाही)
आणि लष्करातली सगळी घरं एकाच रंगाची झाली.
खिडक्या लावल्या, फटींत ओले पंचे कोंबले,
तरी आलेखावर बारीक पिवळी धूळ.

त्या आकाशगंगेच्या पोटात काहीतरी पेटलेलं आहे,
असं माझं म्हणणं.
पण भोवती धुळीचं, वायूचं जाड कडं,
मऊ किरण तिथंच जिरतात.
चाळीस हजार सेकंद दुर्बीण एकटक बघत राहिली
आणि हाती आले तीनशे बारा फोटॉन.
महिनाभर मी तेवढेच उलटसुलट करतेय,
गहू निवडावेत तसे.
गाईड लिहितात : पार्श्वभूमी वजा करून पुन्हा पाहा.

वीज गेली.
खालचे डिगेकाका टॉर्च घेऊन वर आले.
तीस वर्षं इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात होते,
अजून लग्नपत्रिकासुद्धा आधी उजेडासमोर धरतात.
माझा छापलेला आलेख धरला.
"हाड कुठंय यात?"

हाड नाही, काका.

"मग हे काय?"
बोट नेमकं सहा पूर्णांक चारवर,
जिथं सपाट माळावर एकच सुळका.

लोखंड.
आतला उजेड थेट येत नाही,
कड्याच्या भिंतीवर आदळतो,
तिथलं लोखंड उजळतं,
ते तेवढं आपल्यापर्यंत पोचतं.

"आमच्याकडं लोखंडाची सावली पडायची," काका म्हणाले,
"पांढरी."
मग मुरारचा एक पोरगा सांगितला.
आई शपथेवर सांगत होती, यानं काही गिळलं नाही,
आणि ओली प्लेट उचलली तर
बरगड्यांच्या मधोमध चार आण्याचं नाणं,
गोल, लख्ख.
"पोरगा गप्प होता. बाईच रडायला लागली."

बाहेर कुणाचा तरी पत्रा गल्लीभर वाजत गेला.

"आणि एक बाजूनं घे," काका म्हणाले. "समोरून कळत नाही खोल किती ते."
बाजूनं घेता येत नाही, काका.
सहा महिने थांबून पृथ्वी सूर्याच्या पलीकडं गेली तरी
आपण समोरच.
याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.
पंच्याच्या टोकानं आलेख पुसला,
सुळक्याशी जरा जपून.

जिना अर्धा उतरून थांबले.
खालून, अंधारातून, आवाज :
"श्वास रोखायला सांगितलं होतंस ना त्याला?"