फळा

सोहारच्या कंट्रोल रूममध्ये आधी एक पांढरा फळा होता.
त्यावर मार्करने सगळंच: पाण्याचा दाब, क्लोरीन,
शिबूच्या रजेच्या तारखा, कुणीतरी काढलेली मांजर.
फळा काढायचा तर भिंत सोलावी लागली असती,
आणि झुवैना मॅडमनी मुदत दिली होती रविवारची.
मी त्याच्यावरच पंचावन्न इंची पडदा ठोकला.

मी बार्शीची. हंडे रांगेत ठेवून शाळेत गेलेली.
इथे समुद्र नळीने आत येतो,
गोडा होऊन बाहेर पडतो
आणि त्याचे आकडे मांडायचा पगार मला मिळतो.

दुसऱ्या रात्री सहा चौकटी उभ्या राहिल्या.
नियम असा केला:
कुठलीही चौकट दुसरीच्या जिवावर जगणार नाही.
एखादी मेलीच, तर करडी होऊन आपल्या जागी बसेल
शेवटच्या श्वासाची वेळ लिहून.
शेजारणींना ताप नको.
नवी कुणी आली तर तिला पाट मांडायचा,
आधीच्यांना पंगतीतून न उठवता.
आणि पडद्याने सारखं विचारायचं नाही, काही नवीन? काही नवीन?
दार उघडं ठेवायचं. घडेल ते आपणहून येऊन सांगेल.

मग रांगच लागली.
रोमेलला तीन नंबरच्या पंपाची थरथर हवी,
शिबूला कॅम्पची बस,
कुणाला नमाजाच्या वेळा.
एकेक चौकट, पाव तास.
मला माझंच कौतुक वाटायला लागलं होतं.

खमीस बिन सुवैद, रात्रपाळीचा जुना ऑपरेटर,
चहाचा ग्लास धरून पडद्यासमोर उभा राहिला
मुलगी बघायला आलेल्यासारखा.
"सगळं आहे. समुद्र कुठंय?"
मी दाखवलं: क्षार, तापमान, गढूळपणा.
"ही त्याची रक्त-लघवी झाली," म्हणाला. "तो कुठंय?"

त्याचा बाप शाशातून मासे धरायचा.
खजुराच्या झावळ्यांची होडी, अर्धी पाण्यातच,
माणसाचे पाय दिवसभर भिजलेले.
"बापाला तळव्यांनी कळायचं," खमीस म्हणाला.
मी मान डोलावली, वडीलधाऱ्यांपुढे डोलावतात तशी.

गुरुवारी पहाटे तीनला तो इनटेकवरून आत आला.
"लाल पाणी येतंय. दुपारच्या आत."
माझ्या चौदाच्या चौदा चौकटी हिरव्या,
अगदी पोपटी.
तरी झुवैना मॅडमना फोन गेला. सातला उपसा निम्म्यावर.
दहा चाळीसला गढूळपणा पिवळा झाला,
अकराला लाल,
आणि बाहेर समुद्र विटांचा चुरा कालवल्यासारखा.

कशावरून, मी विचारलं.
"वास. चिंच लावून पितळ घासल्याचा."
चिंच त्याला ठाऊक, याचंच मला नवल.

त्या आठवड्यात एक केबल सैल झाली.
टॉर्च घेऊन पडद्यामागे डोकं घातलं
तर जुन्या फळ्यावर, न पुसलं जाणारं काही अरबीत.
झुवैना मॅडमनी वाकून वाचलं:
वास येतोय. रात्री तीन. खमीस.
खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख.
म्हणजे ही चौकट आधीपासून होती.
मीच तिच्यावर खिळे मारले होते.

पंधरावी चौकट मग अशी:
इनटेकच्या शिडीपाशी तीन बटणं.
ठीक. नाही. बघू.
मागे सेन्सर नाही.
कोडमध्ये एक ओळही वेगळी नाही;
पलीकडच्या टोकाला तार आहे की माणूस
हे प्रोग्रॅमला कळत नाही, आणि मी सांगितलं नाही.

परवापासून खमीस सहमला गेलाय, मुलीच्या लग्नाला.
सहा तासांनी चौकट करडी झाली, नियमाप्रमाणे:
शेवटची नोंद बुधवार, ४:१२. बघू.
रोमेल जाऊन आला. म्हणाला, मला फक्त डिझेल येतं.

काल मी गेले.
बूट काढले, मोजे बुटात कोंबले,
शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले.
पाणी कोमट. घोट्याला काहीतरी लागून गेलं.
बराच वेळ उभी होते.
बोट तीनही बटणांवरून फिरवलं.